धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंत

आपल्या मंडळात घरगुती धंद्याच्या गोष्टी निघाल्या की बोलणे बहुधा भांडवलापाशी येऊन थांबते. पैसा कोठून आणावयाचा, माल कोठे साठवावयाचा, उधारी कशी वसूल करावयाची, याची चर्चा पुष्कळ होते. पण धंदा कोठपर्यंत न्यावयाचा हे आधी मनाशी ठरवून मग कामाला लागलेली बाई विरळाच. दहा किलो पापड गेले की समाधान, पंधरा गेले तर ती सणाची कृपा. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक बाई होऊन गेली. पुरे कोठे म्हणावयाचे, हा प्रश्न तिच्यापुढे अनेकदा आला आणि प्रत्येक वेळी ती आणखी एक पायरी चढली. जग तिला मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ओळखते. तिचे माहेरचे नाव सारा ब्रीडलव्ह.

साराचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी कापसाच्या मळ्यावर झाला. तिचे आईबाप त्याच मळ्यावर गुलाम होते. यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि सारा ही त्या घरात स्वतंत्र म्हणून जन्माला आलेली पहिली मुलगी. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक लिहिले आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. त्या वेळी ही मुक्त मुलगी पाच-सहा वर्षांची असून मळ्यावरच वाढत होती. कायद्याने मुक्त झाली, पण पोटाची मुक्तता कोण करणार?

सातव्या वर्षी ती पोरकी झाली. थोरल्या बहिणीच्या आश्रयाला राहिली आणि तिच्याबरोबर नदीपलीकडे व्हिक्सबर्ग शहरी गेली. पण बहिणीच्या नवऱ्याचा जाच सोसवेना. त्यातून सुटण्यासाठी चौदाव्या वर्षी तिने लग्न केले. १८८५ साली लीलिया ही मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी कपाळी वैधव्य आले. दोन-अडीच वर्षांची पोर काखेला मारून ती सेंट लुइस शहरी आली, कारण तिचे भाऊ तेथे न्हाव्याचा धंदा करीत होते. हा सगळा भाग मी थोडक्यात सांगते, कारण अशा कहाण्या आपल्याला नव्या नाहीत.

सेंट लुइसला तिने लोकांची धुणी धरली. त्या काळचे ते काम म्हणजे नुसते कपडे चुबकणे नव्हे. पाणी वाहून आणावयाचे, चुलीवर तापवावयाचे, लाकडी टबात कपडे भिजवून खरखरीत फळीवर घासावयाचे, कडक सोड्याने हात सोलून घ्यावयाचे, मग नीळ, खळ, इस्त्री, आणि शेवटी गाठोडे डोक्यावर घेऊन घरोघर पोचते करावयाचे. एवढे करून दिवसाकाठी डॉलरभर किंवा थोडेसे वर मिळे. अशी वर्षे तिने किती काढली? जवळजवळ अठरा.

या अठरा वर्षांत तिचे एकच लक्ष्य होते: लीलियाला शिकवावयाचे. स्वतःला अक्षरओळख बेताचीच. पण मुलगी टबाशी वाकता कामा नये, हे तिने पक्के केले. डॉलरातून सेंट बाजूला काढून तिने १९०२ साली लीलियाला टेनेसीमधील नॉक्सव्हिल येथे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पाठविले. मला तर साराच्या पुढल्या सगळ्या वैभवाहून हा पहिला टप्पा मोठा वाटतो. दिवसाला डॉलर मिळविणाऱ्या बाईने पोरीला कॉलेजात धाडणे म्हणजे काय, हे संसार केलेल्या बाईलाच कळेल. मधल्या काळात तिने दुसरे लग्न केले होते, तेही सुखाचे झाले नाही. तिला खरा आधार मिळाला तो तेथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील बायकांचा. त्या शिकलेल्या होत्या, नीटनेटक्या राहत, सभा भरवीत, पोरक्या आणि नवख्या बायकांची विचारपूस करीत. त्यांच्याकडे पाहून साराला प्रथम कळले, की आपल्या जातकुळीची बाई अशीही राहू शकते.

पुढे कीर्ती झाल्यावर तिने एका वर्तमानपत्राला सांगितले, की एके दिवशी टबावर वाकलेली असता फेसात बुडालेले स्वतःचे हात पाहून तिच्या मनात आले, म्हातारपणी पाठ धरली म्हणजे आपले आणि पोरीचे कसे व्हावयाचे? या प्रश्नाचे उत्तर तिला लगेच सुचले नाही. पण तिचे दुसरे लक्ष्य त्या प्रश्नातूनच निघाले. वाकून करावयाचे काम सुटले पाहिजे.

त्याच सुमारास तिचे केस झडू लागले. डोक्याला चट्टे पडले. त्या काळी गरीब वस्तीत नळ नव्हते, न्हाणे वरचेवर होत नसे, खाणे निकस, आणि केसांना लावीत तो साबण कपड्यांचाच कडक. त्यामुळे हे दुखणे घरोघर होते. अनेक औषधे करून पाहिल्यावर ती ॲनी टर्नबो नावाच्या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय उद्योगी बाईचा केसांचा माल वापरू लागली आणि मग तिची विक्रेती झाली. घरोघर फिरून माल विकण्याचे पहिले धडे तेथे मिळाले.

१९०५ साली ती कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरी गेली. गाठीला दोन डॉलरही नव्हते. तेथे एका औषधविक्रेत्याच्या घरी महिना तीस डॉलरवर स्वयंपाकीण राहिली आणि फावल्या वेळी स्वतःचे मलम घोटू लागली. हे मलम स्वप्नात सापडले, असे ती पुढे सांगे. ते खरे असो वा जाहिरातीपुरते असो, त्यातला मुख्य जिन्नस गंधक, आणि डोक्याच्या कातडीवर गंधकाचा उपयोग काही नवी विद्या नव्हती. टर्नबोबाईंनी तर आपलीच नक्कल झाली असा बोभाटा केला. माझ्या मते नवेपणा मलमात थोडा आणि रीतीत फार होता. डोके वरचेवर स्वच्छ धुवा, कातडी चोळा, मग मलम लावा, अशी सगळी पद्धत ती घरी बसून करून दाखवी. ज्या बाईचे स्वतःचे केस उतरून पुन्हा आले होते, तिच्या शब्दावर समोरची बाई विश्वास ठेवी. केस सरळ करण्याची तापलेली फणी तिने शोधून काढली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते चूक आहे. त्या फण्या आधीपासून होत्या.

जानेवारी १९०६ मध्ये तिने चार्ल्स जोसेफ वॉकर या गृहस्थाशी लग्न केले. वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचे त्यांना चांगले ज्ञान होते. सारा आता मॅडम सी. जे. वॉकर झाली. या नावात एक खोच आहे. त्या देशात गोरी माणसे कृष्णवर्णीय बायकांना, कितीही वयाच्या असोत, एकेरी नावाने हाक मारीत. डब्यावर सारा हे नाव छापलेच नाही, म्हणजे तशी हाक मारण्याची सोयच उरली नाही. आपणही यापुढे त्यांना अहो-जाहो करू.

मलमाचा डबा पन्नास सेंटला विकावयाचा. काही महिन्यांतच मिळकत दिवसाला दहा डॉलरवर गेली. तीस डॉलर महिना मिळविणाऱ्या स्वयंपाकिणीचा पगार आता तीन दिवसांत हाती येऊ लागला! नवऱ्याचे म्हणणे पडले, की आता हे पुष्कळ झाले, येथेच थांबावे. वॉकरबाईंना ते पटेना. त्यांच्या मते दहा डॉलर ही सुरुवात होती.

येथे घटकाभर थांबावेसे वाटते. वॉकर काही दुष्ट माणूस नव्हते. दिवसाला दहा डॉलर ही त्या काळी, त्यातून त्यांच्या समाजात, डोळे दिपविणारी मिळकत होती आणि ती हातची घालवू नये असे कोणाही शहाण्या माणसाने म्हटले असते. पण बाई हिशेब निराळा मांडीत होत्या. डेन्व्हरमध्ये कृष्णवर्णीय वस्ती थोडी. तेथल्या सगळ्या बायकांनी डबे घेतले तरी विक्री एका मर्यादेवर अडणार. त्यांच्या समाजाच्या बहुसंख्य बायका होत्या दक्षिणेकडील राज्यांत. तेव्हा गिऱ्हाईक आहे तेथे जावे, आणि डेन्व्हरचा माल टपालाने पाठवावा. त्यांनी लीलियाला बोलावून टपालाच्या मागण्या पुरविण्याचे काम सोपविले आणि सप्टेंबर १९०६ मध्ये नवऱ्याला बरोबर घेऊन त्या दक्षिणेकडे निघाल्या. दीड वर्ष त्या फिरत होत्या. कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या गाडीच्या डब्यातून प्रवास, ओळखीपाळखीच्या घरी मुक्काम, चर्चमध्ये व्याख्यान, व्याख्यानानंतर प्रयोग, प्रयोगानंतर विक्री. आणि गाव सोडताना तेथल्या एका-दोघींना शिकवून विक्रेती म्हणून नेमणे, असा क्रम.

फिरण्याने विक्री वाढली. पण आपण एकट्या किती गावे फिरणार, हा पेच पडला. तेव्हा लक्ष्य बदलले. आता डबे किती खपले यापेक्षा बायका किती तयार केल्या हे महत्त्वाचे ठरले. १९०८ साली पिट्सबर्गला त्यांनी लीलियाच्या नावाने केशकलेचे विद्यालय काढले. १९१० मध्ये बिऱ्हाड आणि धंदा इंडियानापोलिस शहरी नेला, कारण तेथून चहूकडे आगगाड्या जात आणि माल धाडणे सोपे पडे. त्या वर्षाची मिळकत सुमारे अकरा हजार डॉलर होती.

त्याच वर्षी त्यांनी पन्नास हजार डॉलर भांडवलाची कंपनी उभारण्याचा घाट घातला आणि बुकर टी. वॉशिंग्टन या समाजाच्या मोठ्या पुढाऱ्याकडे पत्र लिहून साहाय्य मागितले. उत्तर थंड आले. तेव्हा बाईंनी आकडा खाली आणला. १९११ साली दहा हजार डॉलर भांडवलावर कंपनी नोंदली, परक्याचा पैसा न घेता. इतर बाबतींतही त्या अशाच चालत. लिहिण्या-बोलण्यात आपण कमी पडतो हे ओळखून त्यांनी ॲलिस केली या शिक्षिकेला कारखान्यावर देखरेखीसाठी आणले आणि तिच्याकडून स्वतः धडे घेतले. कायदा आणि हिशेब फ्रीमन रॅन्सम या तरुण वकिलाच्या हाती दिले. हे रॅन्सम वॉकरबाईंना भेटले तेव्हा आगगाडीवर हमालाचे काम करून कायदा शिकत होते. पुढे बाईंच्या सढळ हाताला आवर घालण्याचे अप्रिय कामही त्यांनीच केले. दानधर्म, घरे, मोटारी यांवर बाई भराभर खर्च करीत, आणि रॅन्सम पत्रांमागून पत्रे लिहून जपून वागण्याचा इशारा देत. नवऱ्याशी मात्र फाटले. १९१२ साली घटस्फोट झाला. नाव तेवढे बाईंनी ठेवले. ते आता डब्यावर होते.

त्याच १९१२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला नॅशनल निग्रो बिझिनेस लीगचे अधिवेशन भरले होते. अध्यक्षस्थानी तेच वॉशिंग्टन. वॉकरबाईंना दोन शब्द बोलावयाचे होते. इंडियानापोलिसच्या एका वृत्तपत्राच्या मालकांनी त्यांना बोलू द्यावे म्हणून विनंती केली. अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. केसांच्या मलमाचा धंदा त्यांना रुचत नसे. आपले केस गोऱ्यांसारखे करण्याचा हव्यास यातून वाढतो, अशी त्यांची समजूत. (बाई त्यावर म्हणत, आपण केस सरळ करीत नाही, ते निरोगी करतो.) शेवटच्या दिवशी बाई आपल्या जागी उठून उभ्या राहिल्या आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागल्या. कापसाच्या मळ्यातून आपण धुण्याच्या टबापाशी कशा आलो, तेथून स्वयंपाकघरात, आणि तेथून स्वतःच स्वतःला बढती देऊन धंद्यात कशा शिरलो, हे त्यांनी सांगितले. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचा कारखाना बांधला, हेही ठणकावले. अध्यक्ष गप्प राहिले. पण पुढल्या वर्षी हेच वॉशिंग्टन इंडियानापोलिसला आले ते बाईंच्या घरी पाहुणे म्हणून उतरले, आणि १९१३ च्या अधिवेशनात बाईंना भाषणाचे रीतसर निमंत्रण होते.

मला या प्रसंगातला धीटपणा आवडतो, तरी त्याहून त्यामागची तयारी अधिक वाटते. आदल्या वर्षी इंडियानापोलिसला कृष्णवर्णीय तरुणांसाठी वाय. एम. सी. ए. ची इमारत उभी करण्याची वर्गणी चालली होती. वॉकरबाईंनी एकदम एक हजार डॉलरचे वचन दिले. कृष्णवर्णीय बाईकडून एवढी देणगी लोकांनी तोवर ऐकली नव्हती. नाव वर्तमानपत्रांतून देशभर गेले. दान मनापासून होते, आणि त्याचा धंद्याला उपयोग होतो हेही त्या जाणून होत्या. दोन्ही एकत्र असण्यात त्यांना संकोच वाटत नसे.

१९१३ साली त्या जमेका, हैती, क्यूबा, पनामा, कोस्टा रिका या देशांत फिरून आल्या. १९१६ मध्ये लीलियाच्या आग्रहाने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात बिऱ्हाड केले. कारखाना इंडियानापोलिसलाच राहिला. एव्हाना विक्रेत्या हजारांनी मोजाव्या लागत होत्या. त्यांतल्या बहुतेक पूर्वी धुणेवाल्या, मोलकरणी, शेतमजूर. दुसऱ्याच्या घरी महिनाभर राबून मिळे तेवढे आता आठवड्यात मिळते, अशा मजकुराची त्यांची पत्रे कंपनीकडे येत. पण माणसे वाढली तसे धोकेही वाढले. कोणी डब्यात भेसळ करी, कोणी भाव पाडी, कोणी शिकून दुसऱ्याचा माल विकी. म्हणून बाईंनी गावोगावच्या विक्रेत्यांची मंडळे बांधली. महिना पाव डॉलर वर्गणी; सभासद वारली तर घरच्यांना पन्नास डॉलर. आपल्या भिशीवाल्या भगिनींना ही योजना समजावून सांगावयास नको.

ऑगस्ट १९१७ मध्ये या सगळ्या मंडळांचे पहिले अधिवेशन फिलाडेल्फियाला भरले. दोनशेवर बायका आल्या. आपापल्या धंद्याचे मालकपण मिरवणाऱ्या बायकांची एवढी मोठी सभा त्या देशातही तोवर क्वचितच भरली असेल. बक्षिसे वाटली, ती कशासाठी? जास्त माल खपविणारीला तर होतीच, जास्त नव्या बायका शिकवून तयार करणारीला होती, आणि गावात समाजकार्याला ज्या मंडळाने जास्त पैसा दिला त्यालाही होती. म्हणजे लक्ष्याचा आकडा केवळ गल्ल्यात न मोजता तीन ठिकाणी मोजावयाचा. त्या उन्हाळ्यात ईस्ट सेंट लुइस येथे गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची भीषण कत्तल केली होती. त्याबद्दल दाद मागण्यास वॉकरबाई इतर पुढाऱ्यांबरोबर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या दारी गेल्या. अध्यक्षांनी भेट दिली नाही. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाने मग जमावाच्या हत्यांविरुद्ध कायदा करावा अशी तार त्यांना धाडली. केसांच्या मलमाची सभा, आणि तिने देशाच्या अध्यक्षांना जाब विचारावा!

याच वर्षी वर्तमानपत्रांनी त्यांना लक्षाधीश ठरविले. त्यांनी त्याचा इन्कार केला, अजून दहा लाख झाले नाहीत, पण होतील अशी आशा आहे, असे कळविले. हे लक्ष्य मात्र गाठले गेले नाही. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार जडला होता. डॉक्टरांनी १९१७ मध्ये विश्रांती सांगितली. बाईंचा पाय काही घरात ठरला नाही. हडसन नदीकाठी आयर्व्हिंग्टन येथे व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय स्थापत्यकाराकडून त्यांनी व्हिला लेवारो नावाचा भव्य वाडा बांधून घेतला आणि १९१८ मध्ये त्यात राहावयास गेल्या. आपल्या समाजाच्या मुलांनी तो पाहावा आणि काय शक्य आहे ते समजून घ्यावे, असे त्या म्हणत. वाड्यात पुरते एक वर्षही लाभले नाही. २५ मे १९१९ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचा तेथेच अंत झाला. थोडे दिवस आधी जमावाच्या हत्यांविरुद्धच्या चळवळीला त्यांनी पाच हजार डॉलर दिले होते. मालमत्ता मोजली तेव्हा ती सहा लाख डॉलरच्या आसपास भरली.

मृत्युपत्रात अनाथाश्रम, शाळा आणि जुन्या स्नेह्यांना देणग्या होत्या. कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्यापैकी दोन-तृतीयांश धर्मादायाला जावा असे लिहिले होते, आणि कंपनीची अध्यक्ष नेहमी स्त्रीच असावी अशी तरतूद करून ठेवली होती. त्याप्रमाणे लीलिया अध्यक्ष झाली.

एक इच्छा मात्र मागे राहिली होती. इंडियानापोलिसच्या एका थिएटरात तिकीट दहा सेंट असता कृष्णवर्णीय म्हणून त्यांच्याकडे पंचवीस सेंट मागितले गेले होते. त्यांनी फिर्याद केली आणि आपले स्वतःचे थिएटर बांधण्याचे मनात घेतले. कंपनीने ते १९२७ च्या डिसेंबरात पुरे केले. एकाच इमारतीत कारखाना, कचेऱ्या, केशकलेचे विद्यालय आणि थिएटर. कंपनी १९८० नंतरच्या दशकात विकली गेली. इमारत उभी आहे, आणि तिच्यावर नाव वॉकरबाईंचेच आहे.